१३० मिमीची दुर्बीण, मुलांची रांग आणि हाताशी दहा हजार : आधी काय घ्यावं?

माणदेशी_बाई

नमस्कार. मी माण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मुंबईला कामाला असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून दिवाळीनंतर शाळेला दुर्बीण दिली. १३० मिमी आरशाची न्यूटोनियन (आरशाने प्रकाश गोळा करणारी) आहे, फोकल लांबी ६५० मिमी, विषुववृत्तीय माउंट (आकाशाच्या फिरण्याबरोबर वळवता येणारी बैठक). सोबत २५ आणि १० मिमीचे दोन आयपीस (डोळा लावायची भिंगं; आकडा लहान तितकं चित्र मोठं) आणि नेम धरायला लाल ठिपक्याचा फाइंडर आला. वर्गणीतले दहा हजार शिल्लक आहेत आणि तेही दुर्बिणीवरच खर्च करायचे असं ठरलंय. हिशेब शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवायचा आहे, म्हणून उगाच काही घेऊन कपाटात ठेवायची माझी तयारी नाही.

आमच्याकडे अंधार भरपूर. गावाबाहेरच्या मैदानावर दुर्बीण लावली की कृत्तिका २५ मिमीत इतक्या सुंदर दिसतात की मुलं जागची हलत नाहीत. चंद्रही छान. अडचणी पुढे येतात.

१० मिमी लावला की गुरू पुसट होतो, पट्टे दिसल्यासारखे वाटतात आणि जातात. कोणी आयपीसला हात लावला की चित्र कितीतरी वेळ थरथरतं. रांगेतल्या तिसऱ्या-चौथ्या मुलापर्यंत ग्रह निघून गेलेला असतो, मग मी पुन्हा शोधायचा आणि बाकीच्यांनी थंडीत उभं राहायचं. शनीची कडी दाखवते म्हणून पालकांनाही बोलावलं होतं, पण दिसली ती गोळ्यातून आरपार गेलेली एक बारीक रेघ.

दुकानदार एक किट घ्या म्हणतोय : पाच आयपीस (३२, १७, १३, ८, ६ मिमी), २एक्स बार्लो (आयपीसचं मोठेपण दुप्पट करणारं भिंग), सहा रंगीत फिल्टर, मून फिल्टर, सगळं एका पेटीत. शिवाय "सूर्य बघायला" म्हणून आयपीसला लावायची एक काळी काच वेगळी देतो म्हणाला. घेऊ का? की दुसरं काही आधी हवं? मुलं चौथी ते आठवीची आहेत.

---

रात्रपाळी

बाई, अभिनंदन. शाळेला दुर्बीण मिळणं ही मोठी गोष्ट आहे.

मी असंच किट घेतलं होतं आणि मला ते आवडतं. एका पेटीत सगळं असतं, वेगवेगळ्या मोठेपणाने बघता येतं, मुलांना प्रयोग करायला मजा येईल. सगळे पैसे घालायचे नसतील तर निदान बार्लो घ्याच. तुमचे दोन आयपीस बार्लोसकट चार होतात : २५, १२.५, १० आणि ५. एवढ्या कमी पैशात एवढा फरक दुसरं काही देत नाही.

काळ्या काचेबद्दल मला अनुभव नाही.

---

फिटर_बारामती

बाई, आधी काळ्या काचेचं. ती घेऊ नका. सोबत फुकट आली असेल तर हातोड्याने फोडून कचऱ्यात टाका, म्हणजे कुठल्या मुलाच्या हाती लागणार नाही. १३० मिमीचा आरसा गोळा केलेलं सगळं ऊन त्या बोटाएवढ्या काचेवर आणून टाकतो. काच तापते आणि तडकते, त्या वेळी मागे डोळा असतो. सूर्याचा फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर लागतो, ऊन आत शिरण्याआधी. त्याबद्दल खाली लिहितो.

मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवायचो. निवृत्तीनंतर बारामती, फलटण, इंदापूर भागातल्या शाळांमध्ये दुर्बीण घेऊन जातो. तुमच्या अडचणी वाचल्या. त्यातली एकही आयपीस कमी असल्यामुळे आलेली नाही. म्हणून किट नको, आणि बार्लोही आत्ता नको. रात्रपाळी यांचा हिशेब घरी एकट्याने बघणाऱ्यासाठी बरोबर आहे. इथे समोर रांग आहे.

किटचं गणित बघा. १७ मिमीला बार्लो लावला की ८.५ होतो, १३ ला लावला की ६.५. म्हणजे त्याच पेटीतले ८ आणि ६ मिमी तुम्ही दुसऱ्यांदा विकत घेतले. शिवाय ६ मिमीच्या साध्या प्लॉसलला (नेहमीच्या बनावटीच्या आयपीसला) डोळा जवळजवळ काचेला टेकवावा लागतो. लहान मुलं डोळा दाबतात, पापण्यांचं तेल काचेवर बसतं आणि दहाव्या मुलाला धुकं दिसतं. रंगीत फिल्टर १३० मिमीत प्रकाश खाण्यापलीकडे फारसं करत नाहीत. मून फिल्टर तुमच्याकडे आहे म्हणा : नळीच्या पुढच्या मोठ्या झाकणात एक छोटं झाकण असतं. मोठं झाकण जागेवर ठेवून फक्त छोटं काढा, चंद्राचा झगझगाट उतरतो. (हे फक्त चंद्रासाठी. त्या छोट्या भोकातूनही सूर्याकडे वळायचं नाही.)

आता गुरू पुसट का. तीन कारणं एकत्र आली असणार.

पहिलं, वेळ. आत्ता, डिसेंबर २०२५ मध्ये, गुरू रात्री साडेसात-आठला उगवतो आणि तुम्ही मुलांना घरी लवकर सोडायचं म्हणून तो क्षितिजालगत असतानाच बघत असणार. तिथे हवेचा थर जाड. १० जानेवारी २०२६ ला गुरू प्रतियुतीत येतो, म्हणजे सूर्य मावळताना तो उगवेल. फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमाराला तो जवळजवळ डोक्यावर असेल. मोठा कार्यक्रम तेव्हा ठेवा. त्यासाठी एक रुपया लागत नाही.

दुसरं, आरसा गार होणं. खोलीतून दुर्बीण काढली आणि लगेच बघितलं तर नळीत गरम हवा घुटमळत असते. अर्धा-पाऊण तास आधी मैदानावर नेऊन ठेवा.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, आरशांची जुळणी, म्हणजे कोलिमेशन. तुमची दुर्बीण एफ/५ आहे (६५० भागिले १३०). एवढ्या आखूड दुर्बिणीत आरसा जरा जरी कलला तरी जास्त मोठेपणाला चित्र फाटतं. दुर्बीण टेम्पोतून माणच्या रस्त्याने आली असेल तर जुळणी हललेली आहे असंच धरून चाला. याचं साधन शाळेत बनवा. फोकसरच्या (आयपीस बसतो त्या नळीच्या) तोंडाला सव्वा इंची प्लास्टिकची टोपी येते. तिचा मध्य काढून कर्कटकाच्या टोकाने बारीक भोक पाडा. दिवसा, सूर्याकडे पाठ करून, आयपीस काढून ती टोपी लावा आणि भोकातून बघा. दुय्यम आरशात (पुढच्या छोट्या तिरप्या आरशात) मुख्य आरसा पूर्ण गोल दिसला पाहिजे आणि त्याच्या तीनही क्लिपा दिसल्या पाहिजेत. दुय्यम आरसा तसा सहसा ठीक असतो, घाईने त्याला हात लावू नका. मग नळीच्या मागचे स्क्रू : तीन फिरवायचे, तीन कसायचे. कसायचे आधी सैल करा आणि फिरवायचा एक एक स्क्रू पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नका. एक विद्यार्थी मागे स्क्रूवर, तुम्ही पुढे भोकाशी. मुख्य आरशाच्या मध्यावरची खूण तुमच्या भोकाच्या प्रतिबिंबाशी जुळली की काम झालं.

रात्री ध्रुवावर तपासा, कारण तो जागचा हलत नाही. १० मिमी लावून तारा मध्यावर आणा आणि फोकस जरा बिघडवा. ताऱ्याची चकती होते आणि तिच्यात काळा ठिपका दिसतो. ठिपका बरोबर मध्ये असेल तर जुळणी चांगली, एका बाजूला सरकलेला असेल तर पुन्हा स्क्रू. स्वस्तातलं लेझर कोलिमेटर घेऊ नका. त्या लेझरचीच जुळणी नीट नसते : फोकसरमध्ये गोल फिरवून बघा, आरशावरचा ठिपका जागेवर न राहता वर्तुळ काढतो. मुलांच्या घोळक्यात लेझर नकोच.

थरथर : तिपाईचे पाय बाहेर ओढू नका. पूर्ण आत ठेवा, मुलांच्या उंचीला तेच बरं. मधल्या ताटलीखाली वाळूची पिशवी टांगा. नळी ज्या कड्यांमध्ये बसते त्या कड्या सैल करून नळी अशी फिरवा की आयपीस बाजूला, मुलांच्या छातीच्या उंचीवर येईल, नाहीतर ती लटकून बघतात. आणि शेजारी एक स्टूल ठेवा. मुलाने दोन्ही हात स्टुलावर टेकायचे, दुर्बिणीवर नाही, हा नियम पहिल्या मिनिटाला सांगायचा. स्टूल हे मी शाळेतल्या दुर्बिणीचं पहिलं साहित्य मानतो.

शनीसाठी पालकांना सांगा की दुर्बिणीत दोष नाही. मार्च २०२५ मध्ये पृथ्वी कड्यांच्या पातळीतून गेली आणि नोव्हेंबर २०२५ मध्येही कडी आपल्याला जवळजवळ धारेवरच दिसत होती. इथून पुढे ती वर्षागणिक उघडत जाईल. जी मुलं यंदा रेघ बघतील त्यांना वहीत चित्र काढून तारीख घालायला लावा. आत्ता चौथीत असलेलं मूल आठवीत जाईपर्यंत त्याच वहीत कडी उघडताना त्याने स्वतः काढलेली असेल.

उरला ग्रह पळण्याचा प्रश्न, आणि पैसे तिथे घालायचे. आकाश चार मिनिटांना एक अंश सरकतं. २५ मिमीत तुमचं मोठेपण २६ पट, दिसणारा तुकडा जवळपास दोन अंशांचा, म्हणजे ग्रह एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आठ मिनिटं राहतो. १० मिमीत ६५ पट, तुकडा पाऊण अंश, वेळ तीन मिनिटं. ६ मिमीच्या प्लॉसलमध्ये १०८ पट आणि वेळ दोन मिनिटांच्या आत. अर्धा मिनिट एका मुलाचा धरला तर चारच्या वर मुलं होत नाहीत.

म्हणून दोन वस्तू. एक, माउंटच्या पूर्व-पश्चिम अक्षाला बसणारी छोटी मोटर. ती बॅटरीवर चालते आणि ग्रह आयपीसमध्ये धरून ठेवते. तुमच्या माउंटला कुठली बसते ते मॉडेल सांगून आधी विचारा, सगळ्या सगळ्यांना बसत नाहीत. दुसरी, रुंद दृश्याचा एकच ६ मिमी आयपीस, ६६ अंशांचा. सोनेरी पट्टीचे मिळतात त्यांना सगळे गोल्डलाइन म्हणतात. तोच १०८ पट, पण तुकडा रुंद आणि डोळा काचेपासून लांब ठेवता येतो. त्याच मालिकेतले १५ आणि २० मिमी घेऊ नका, एफ/५ ला कडेचे तारे ओढल्यासारखे दिसतात. ६ आणि ९ चांगले.

यात दहा हजार संपत नाहीत. उरलेल्यात सूर्याची फिल्म.

---

चष्मा_नाशिक

फिटर सरांच्या प्रतिसादाला माझ्याकडून थोडी भर, चष्मेवाल्या मुलांसाठी. वर्गात दोन-चार तरी असतीलच.

नुसता जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर चष्मा काढून बघायचं आणि फोकसची गुंडी आपल्यापुरती फिरवायची. सिलिंड्रिकल नंबर मोठा असेल तर ते फोकसने सुटत नाही, चष्मा ठेवावा लागतो, आणि तेव्हा डोळ्याला काचेपासून लांब जागा लागते. प्लॉसलमध्ये ही जागा साधारण आयपीसच्या आकड्याच्या सत्तर टक्के असते. २५ मिमीत सतरा-अठरा मिमी, चष्म्यासकट जमतं. १० मिमीत सात मिमी, चष्म्याची काच मध्ये आली की फक्त मधला गोल दिसतो. अशा मुलांना गुरू २५ मिमीतच दाखवा. २६ पटीलाही चारही मोठे चंद्र स्वच्छ दिसतात. मी स्वतः कितीतरी रात्री तेवढ्यावर खूश असते.

म्हणून प्रत्येक मुलाला फोकसची गुंडी फिरवायला शिकवा. बाई मागून "दिसतंय का?" विचारतात आणि मूल भीतीने "हो" म्हणतं, हे मी कार्यक्रमांत फार बघितलंय. त्याऐवजी "गुरूच्या कुठल्या बाजूला किती चंद्र आहेत?" विचारा. दिसलं असेल तर आकडा येतो.

आणि डोळे आलेल्या मुलाला त्या दिवशी रांगेत घेऊ नका. रबरी कड मधूनमधून स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. फक्त कड, काच नाही.

---

माणदेशी_बाई

फिटर सर, चष्माताई, खूप खूप आभार. आज दुपारी टोपीला भोक पाडून बघितलं. खूण मध्यापासून बरीच बाजूला होती! आठवीतली दोघं मागे स्क्रूवर होती. रात्री ढग नसले तर ध्रुवावर तपासतो. किट रद्द, काळी काच नको म्हणून दुकानदाराला कळवलं.

आता दोन शंका. सूर्याची फिल्म कुठली घ्यायची आणि तिची चौकट कशी करायची? आणि मोटर लावायची तर माउंट ध्रुवाकडे करावं लागतं म्हणतात, ते कितपत अचूक हवं? माउंटच्या बाजूला अंशांची पट्टी आहे, तिला आम्ही अजून हात लावलेला नाही.

---

फिटर_बारामती

दोघं स्क्रूवर होती हे वाचून फार बरं वाटलं. पुढच्या वर्षी ती नवव्या इयत्तेला दुसऱ्या शाळेत जातील, म्हणून आत्ताच सातवीतल्या दोघांना त्यांच्याकडूनच शिकवून घ्या.

फिल्म : बाडरची अ‍ॅस्ट्रोसोलर फिल्म मागा आणि पाकिटावर ओडी ५.० (फिल्म ऊन किती अडवते त्याचा आकडा) लिहिलेलं बघून घ्या. ३.८ लिहिलेली फोटोसाठी असते, ती डोळ्याने बघायला अजिबात चालत नाही. एक्स-रेची फिल्म, वेल्डिंगची कुठलीही काच, काजळी धरलेली काच यातलं काहीही नको. चौकट जाड पुठ्ठ्याची करा. नळीच्या बाहेरून घट्ट बसेल असं चार बोटं उंचीचं कडं, त्यावर दोन पुठ्ठ्याच्या चकत्यांमध्ये फिल्म. फिल्म ताणायची नाही, जरा सैल आणि सुरकुतलेली राहिली तरी चित्र बिघडत नाही. ताणली तर बिघडतं.

प्रत्येक वेळी लावण्याआधी फिल्म ट्यूबलाइटसमोर धरून टाचणीएवढी भोकं आहेत का ते तुम्ही स्वतः बघा, हे काम मुलांवर सोडू नका. मग चौकट नळीला चिकटपट्टीने तीन ठिकाणी चिकटवा, म्हणजे वाऱ्याने किंवा कोणाच्या हाताने निघणार नाही. माणचा वारा मला माहीत आहे. लाल ठिपक्याचा फाइंडर काढूनच ठेवा, नाहीतर मुलं त्यातून सूर्याकडे नेम धरतात. सूर्य शोधायचा तो जमिनीवरच्या सावलीने : नळीची सावली सगळ्यात लहान आणि गोल झाली की सूर्य आत आलेला असतो. २५ मिमीने बघा, डाग असतील तर दिसतील. दुर्बीण उन्हात असेपर्यंत तुम्ही तिच्यापासून लांब जायचं नाही. कोणी बोलवायला आलं तर आधी नळी जमिनीकडे वळवायची आणि झाकण लावायचं.

२ ऑगस्ट २०२७ ला आपल्याकडे खंडग्रास ग्रहण आहे. महिना पावसाचा, पण माणमध्ये पाऊस कमी म्हणून तुम्हाला आमच्यापेक्षा आशा जास्त. फिल्म तोपर्यंत पाठ्यपुस्तकात दाबून ठेवू नका, चुरगळते. डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेलची पुडी.

माउंट : डोळ्याने बघायला ढोबळ चालतं. तुमचे अक्षांश पावणेअठराच्या आसपास, पट्टी १८ वर आणा. हे स्क्रू फिरवताना आधी नळी आणि तोलाचं वजन उतरवून ठेवा, सगळा भार त्याच स्क्रूवर असतो. ध्रुव तुमच्याकडे खाली असतो : हात लांब केला की मूठ साधारण दहा अंशांची, क्षितिजापासून दोन मुठींना जरा कमी. तिथे माउंटचा अक्ष रोखा. आपल्या अक्षांशाला हा अक्ष बराच आडवा पडतो आणि काही छोट्या माउंटमध्ये वजनाची दांडी तिपाईच्या पायाला थडकते. म्हणून मोटर लावण्याआधी दिवसा एकदा सगळीकडे हाताने फिरवून बघा, कुठे अडकत नाही ना.

मोटरवर उत्तर-दक्षिण गोलार्धाचं बटण असेल तर ते एन वर ठेवा. वेग बदलायची छोटी गुंडी असते. १० मिमीत एखादा ठळक तारा मध्यावर ठेवून ती अगदी थोडी थोडी फिरवा. तारा पश्चिमेकडे निसटत असेल तर वेग वाढवा, पूर्वेकडे ढकलला जात असेल तर कमी करा. पाच मिनिटं तारा मध्याजवळ राहिला की त्या जागी गुंडीवर पेनाने खूण करून ठेवा. आणि नवी बॅटरी पेटीत जादा ठेवा, थंडीत ती लवकर उतरते.